एसी चालतो, पण खोली थंड होत नाही

गेल्या वैशाखातील गोष्ट. जळगावचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकला की दुपारी बाजारपेठेतील रस्तेसुद्धा ओस पडतात. अशाच एका दुपारी मातोश्रींच्या खोलीत डोकावलो, तर त्या पलंगावर बसून ओल्या पंचाने मान पुसत होत्या. भिंतीवर एसी सुरू होता, दिवा लागलेला होता, झडपही खाली-वर होत होती.

"आई, एसी तर चालू आहे," मी म्हणालो.

"चालू आहे रे, पण नुसता वारा घालतो. वारा तर पंखाही घालतो, आणि तोही स्वस्तात," त्या म्हणाल्या.

मातोश्रींचे वय ८४. या वयात शरीराला उष्णता सोसण्याची शक्ती राहत नाही आणि तहान लागल्याचे भानही कमी होते. त्यामुळे हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नव्हता. तातडीने मेकॅनिक बोलावला. तो सायंकाळी आला, बाहेरच्या युनिटच्या नळीला मीटर लावला आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय." गॅस भरला, २,८०० रुपये घेतले. त्या रात्री खोली छान थंड झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. आठ दिवसांनी तोच मेकॅनिक, तेच निदान, तेच २,८०० रुपये आणि पुन्हा तीच दुपार.

मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी आणि चौतीस वर्षे बँकेत नोकरी केलेला माणूस. परंतु बँकेने एक गोष्ट अंगी मुरविली आहे : एकच चूक दुसऱ्यांदा समोर आली की नोंदी काढून पाहाव्यात. त्या प्रयत्नात जे शिकलो, ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

यंत्र नेमके करते काय?

आपली समजूत असते की एसी थंडावा तयार करतो. वस्तुतः तो काहीही तयार करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आपण व्यापारी मंडळी आहोत, म्हणून गोदामाचा दृष्टांत घेऊ. खोली हे गोदाम, उष्णता हा माल आणि तांब्याच्या नळ्यांतून फिरणारा गॅस हा हमाल. आतल्या युनिटमधील कॉइलवर तो उष्णतेचे पोते पाठीवर घेतो, बाहेरच्या युनिटमधील कॉइलवर ते उतरवितो आणि रिकामा होऊन परत येतो. कॉम्प्रेसर हा त्याला पळविणारा मुकादम. आतला पंखा माल हमालापर्यंत आणून देतो, तर बाहेरचा पंखा उतरविलेला माल हवेत पसरून देतो.

हा दृष्टांत लक्षात ठेवला की बहुतेक बिघाड आपोआप उलगडतात. आतली जाळी धुळीने भरली, तर माल हमालापर्यंत पोहोचत नाही. हमालच कमी झाले, म्हणजे गॅस गळाला, तर वाहतूक मंदावते. मुकादम जागेवरून उठलाच नाही, म्हणजे कॉम्प्रेसर सुरूच झाला नाही, तर आत केवळ पंख्याचा वारा येतो. आणि बाहेर माल उतरविण्यास जागाच नसेल, तर हमाल भरल्या पाठीने परत येतो व आतला माल उचलला जात नाही. आमच्याकडे नेमके हेच घडले होते, परंतु ते कळावयास वेळ लागला.

'टन' या शब्दाचाही येथेच उलगडा करून घेऊ. 'एक टन' म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता हटविण्याची ही क्षमता. ती ताशी १२,००० बीटीयू, म्हणजेच सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो. दहा बाय बाराच्या खोलीसाठी घेतलेल्या एक टनाच्या एसीखाली लग्नघरातील बारा माणसे बसविली आणि दारही उघडे ठेवले, तर दोष यंत्राला देता येणार नाही. वरच्या मजल्यावरील खोलीत तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, हेही हिशेबात धरावे.

मेकॅनिकला बोलाविण्यापूर्वी

पुढील तपासणी घरातील कोणीही करू शकतो. तिला खर्च नाही आणि स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

पहिली तपासणी रिमोटची. त्यावर 'कूल' हेच चिन्ह आहे ना, हे पाहावे. 'फॅन'वर कॉम्प्रेसर चालतच नाही आणि 'ड्राय'वर तो थांबून थांबून चालतो. नव्या इन्व्हर्टर एसीमध्ये क्षमता कमी करण्याची सोय असते. नातवंडांनी खेळता खेळता ती ४० टक्क्यांवर नेऊन ठेवली, तर दीड टनाचे यंत्र जेमतेम ०.६ टनाचे काम करते आणि आपण कंपनीला नावे ठेवतो. तपमान किती लावले आहे, हेही पाहावे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियम आहे. तपमान एक अंशाने वाढविले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. तेव्हा २४ वर समाधानी राहणेच शहाणपणाचे. परंतु तपासणीपुरते १८ वर आणावे, म्हणजे यंत्राला पूर्ण ताकदीने चालावे लागेल.

दुसरी तपासणी जाळीची. आतल्या युनिटचे पुढचे झाकण उचलले की फिल्टरची जाळी हाती येते. ती नळाखाली धुऊन सावलीत वाळवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. ज्यांचे घर दुकानावर किंवा बाजारात आहे, त्यांनी उन्हाळ्यात दर पंधरवड्यास हे करावे.

तिसरी तपासणी बर्फाची. जाळीमागील कॉइलवर पांढरा बर्फ दिसला, तर 'किती थंड करतो आहे' असे समजू नये. बर्फाचा थर हवेची वाट अडवितो. एसी 'फॅन'वर ठेवून दोन-तीन तासांत बर्फ वितळू द्यावा, टोकदार वस्तूने खरवडू नये. जाळी स्वच्छ करूनही पुन्हा बर्फ धरला, तर मात्र गॅस कमी असण्याचा किंवा आतला पंखा मंदावल्याचा संशय घ्यावा.

चौथी तपासणी विजेची. उन्हाळ्यात दुपारी सर्वांचेच एसी आणि पंप चालू असतात आणि २३० व्होल्टचा दाब कधी कधी १८० पर्यंत घसरतो. मग कॉम्प्रेसर गुणगुणतो, पण उठत नाही. स्टॅबिलायझरवरील आकडा पाहावा. बंद करून लगेच पुन्हा सुरू केल्यावर कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबतो, हा त्याच्या संरक्षणाचा भाग आहे. तेवढा धीर धरावा. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा काळवंडला असेल, तर एसी बंद ठेवून प्रथम इलेक्ट्रिशियनला बोलवावे. एसी एक्स्टेन्शन बोर्डावर तर कधीही चालवू नये.

पाचवी गोष्ट आपल्या खानदेशातील घरांत हमखास आढळते. एसी कमी पडतो म्हणून शेजारच्या खोलीतील पाण्याचा कूलरही त्याच्या दिशेने सुरू केला जातो. कूलर हवेत ओलावा सोडतो आणि एसीची बरीच शक्ती तो ओलावा काढण्यातच खर्च होते. दोहोंपैकी एकच चालवावा.

शेवटी बाहेरचे युनिट. सुरक्षितपणे जवळ जाता येत असेल तरच पाहावे, खिडकीबाहेर झुकून मुळीच पाहू नये. त्याच्या पंख्यातून येणारी हवा चांगली गरम हवी. ती गरम नसेल, तर कॉम्प्रेसर बंद आहे किंवा गॅस उरलेला नाही. साध्या स्प्लिट एसीच्या बाहेरच्या जोडावर दोन्ही नळ्या गार आणि ओलसर असणे हे निरोगीपणाचे लक्षण. केवळ बारीक नळीवर हिम आणि जाड नळी कोरडी, असे दिसल्यास गॅस कमी झाला असण्याची शक्यता असते.

नोंदवहीने दिलेली साक्ष

दुसऱ्यांदा गॅस भरूनही दुपार तशीच गेली, तेव्हा मी दोनशे रुपयांचा डिजिटल तापमापक आणला. एसी सुरू करून पंधरा मिनिटे झाल्यावर युनिटच्या वरच्या बाजूस, जेथून हवा आत ओढली जाते, तेथील तपमान घ्यायचे आणि मग जेथून हवा बाहेर पडते, तेथील. निरोगी यंत्रात या दोहोंत साधारणतः ८ ते १२ अंशांचा फरक पडतो. सलग तीन दिवस रोजमेळासारख्या नोंदी ठेवल्या.

पहाटे सहा वाजता आत जाणारी हवा ३० आणि बाहेर पडणारी १९. फरक ११ अंश, म्हणजे उत्तम. दुपारी तीन वाजता आत जाणारी ३५ आणि बाहेर पडणारी ३१. फरक केवळ ४. शिवाय दुपारी बाहेरच्या युनिटची घरघर मध्येच दहा-दहा मिनिटे बंद पडे. आणखी एक गोष्ट सौ.च्या लक्षात आली होती. दुसऱ्यांदा गॅस भरल्यापासून हे बंद पडणे दुपारी दोनऐवजी बारापासूनच सुरू झाले होते.

या नोंदी मांडून पाहिल्यावर माझ्यासारख्या सामान्य माणसालाही प्रश्न पडला. गॅस कमी असता, तर पहाटेही यंत्र दुबळे पडले असते. पहाटे ते पूर्ण काम करते आणि बाहेरची हवा तापली की हात टेकते, याचा अर्थ अडचण बाहेर उष्णता टाकण्यात आहे. मेकॅनिक दोन्ही वेळा सायंकाळी, ऊन उतरल्यावर आला होता. म्हणून गॅस भरल्यावर खोली थंड झाल्याचे आम्हांस वाटले. खरे तर ती त्या वेळी गॅस न भरताही झाली असती.

आमच्या गल्लीतील एका धान्य व्यापाऱ्यांनी त्यांच्याकडील जुन्या मेकॅनिकला पाठविले. मी वही पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली, मीटरची पेटी उघडलीसुद्धा नाही. "काका, आधी शिडी द्या," म्हणाले. बाहेरचे युनिट मागच्या बोळात, छज्जाखाली लोखंडी पट्ट्यांवर आहे आणि घरातून त्याची मागची बाजू दिसत नाही. वर चढून त्यांनी पाहिले आणि खाली हाक दिली, "गॅसचं नंतर बघू. इथं एक कुटुंब राहतंय!"

युनिट आणि भिंत यांच्यामधील वीतभर जागेत पारव्याचे घरटे होते. काड्या, तारा, पिसे आणि विष्ठा यांनी मागची कॉइल निम्मी झाकली होती. उरलेल्या निम्म्यावर जवळच्या डाळमिलच्या धुळीचा आणि फोलपटांचा थर बसला होता. बाहेरचा पंखा याच बाजूने हवा ओढतो. म्हणजे माल उतरविण्याची जागाच भरून गेली होती. त्यात दोनदा जादा गॅस भरल्यामुळे आतील दाब वाढला आणि कॉम्प्रेसर आपल्या संरक्षणासाठी वारंवार थांबू लागला.

घरट्यात दोन पिल्ले होती.

बावीस दिवस

"एका मिनिटात काढतो," मेकॅनिक म्हणाले, आणि मग आमच्या तोंडाकडे पाहून थांबले. घरटे उचलून गच्चीवर ठेवावे, हा विचार माझ्याही मनात आला. परंतु हलविलेल्या घरट्याकडे पारवे परत येतील याची खात्री नाही, असे तेच म्हणाले. मातोश्री खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले, "ती उडायला किती दिवस?" पारव्याची अंडी उबण्यास सुमारे अठरा दिवस आणि पिल्ले उडण्यास साधारण महिना लागतो. ही पिल्ले आठवड्याची असावीत. "मग तोपर्यंत एसी बंद ठेवा. पंख्याच्या पात्यात एखादं सापडायचं. मी खाली झोपेन," त्या म्हणाल्या.

मी वाद घातला, हे लपवीत नाही. एकीकडे ८४ वर्षांची आई आणि दुसरीकडे दोन पिल्ले. मला तो हिशेब सरळ वाटत होता. त्यांना तो सरळ वाटत नव्हता. "मला खाली जाता येतं, त्यांना येत नाही," एवढेच त्या बोलल्या. पुढे माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यांचा पलंग दुकानामागच्या जुन्या खोलीत हलविला. दोन फूट जाडीच्या भिंती आणि उत्तरेची खिडकी. तेथे कूलर लावला. कोरड्या हवेत कूलर चांगले काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी. आमच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तहान असो वा नसो, दिवसा दर तासाला पाणी, दुपारी ओल्या फडक्याने हात-पाय पुसणे आणि गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा तापलेले अंग दिसताच एक क्षणही न दवडता दवाखाना, हे सर्वांनी पाठ करून ठेवले. चाळीस अंशांपुढील हवेत नुसता पंखा अंगावर घेतल्याने शरीर उलट तापते, हेही तेव्हाच कळले. ते दिवस मी निश्चिंत होतो असे म्हणणार नाही. रात्री दोनदा उठून त्यांच्या कपाळाला हात लावून येत असे.

बाविसाव्या दिवशी घरटे रिकामे दिसले. दोन दिवस आणखी वाट पाहून मेकॅनिकना बोलावले. त्यांनी तोंडाला मास्क लावला आणि विष्ठा प्रथम पाण्याने भिजवून मगच काढली, कारण तिची कोरडी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. वीज बंद करून कॉइल धुतली. नंतर नळ्यांतील सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून तराजूवर ठेवला. यंत्राच्या पट्टीवर ७५० ग्रॅम लिहिले होते, निघाला ९१० ग्रॅम. नळ्या निर्वात करून मोजून ७५० ग्रॅम भरला. त्याच दुपारी तीन वाजता मी वहीत लिहिले : आत जाणारी हवा ३४, बाहेर पडणारी २३. सर्व मिळून खर्च २,२०० रुपये. त्याआधीचे ५,६०० रुपये शिकवणीच्या खात्यावर टाकले.

'गॅस भरावा लागेल' असे सांगितले तर

एसीतील गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत राहतो. बँकेच्या खात्यातील रक्कम आपोआप कमी होत नाही, कोठेतरी उचल झालेली असते. तसेच गॅस कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहेच. 'दरवर्षी थोडा भरावाच लागतो' हे विधान मान्य करू नये. मेकॅनिकला चार प्रश्न नम्रपणे विचारावेत.

गळती कोठे आहे? जोडावर तेलाचा डाग किंवा साबणाच्या पाण्याचे बुडबुडे त्याने दाखवावेत. ती बुजवून नायट्रोजनच्या दाबाने तपासणार का? भरण्यापूर्वी पंपाने नळ्या निर्वात करणार का? आणि पट्टीवरील वजनाइतका गॅस तराजूवर मोजून भरणार का? आपण पावशेर डाळही न तोलता विकत नाही, मग हजारो रुपयांचा गॅस अंदाजाने का घ्यावा? आर-२२, आर-३२, आर-४१०ए आणि आर-२९० हे वेगवेगळे गॅस आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-४१०ए हे मिश्रण असल्याने गळती झाल्यास वरून भर न घालता सर्व काढून नव्याने भरणे योग्य. आर-३२ ज्वलनशील आहे आणि आर-२९० त्याहून अधिक. म्हणून नळ्यांचे जोड घरी कधीही उघडू नयेत.

बाहेरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर केवळ गुणगुणतो, अशा वेळी पुष्कळदा दोष कपॅसिटरचा असतो. हा सुटा भाग तुलनेने स्वस्त आहे. त्यासाठी 'कॉम्प्रेसर गेला, नवाच घ्या' असे सांगितल्यास दुसरे मत अवश्य घ्यावे. मात्र वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युत्भार शिल्लक राहतो, म्हणून त्याला घरच्यांनी हात लावू नये.

थंड न करणारा एसी चालू ठेवणे हा तोट्याचाच व्यवहार आहे. समजा यंत्र तासाला दीड युनिट वीज घेते आणि दहा तास चालते. खोली थंड होऊन कॉम्प्रेसर एकतृतीयांश वेळ थांबला, तर दहा युनिट लागतील. खोली थंडच झाली नाही, तर तो थांबत नाही आणि पंधरा लागतात. महिन्याला १५० युनिट वाया. दहा रुपये दराने १,५०० रुपये, आणि घाम तो वेगळाच.

आता आमच्या घरी एसीची एक पातळ वही आहे. जाळी धुतल्याची तारीख, दुरुस्तीची पावती, गॅसचे वजन आणि दर महिन्यास एकदा दुपारच्या तपमानातील फरक. बाहेरच्या युनिटभोवती, कॉइलपासून अंतर सोडून, तारेची जाळी बसविली आहे. ही जाळी पाखरांनी घरटे बांधण्यापूर्वी, माघ-फाल्गुनातच बसवावी. नंतर बसविली, तर पिल्ले आत आणि आई बाहेर अशी वेळ येते.

मातोश्रींची खोली यंदा थंड आहे. पारवे आता समोरच्या जुन्या वाड्याच्या कोनाड्यात बसतात. दुपारी जाग आली की त्या खिडकीचा पडदा थोडा बाजूला सारतात, त्यांच्याकडे पाहतात आणि मला म्हणतात, "पडदा लाव रे, गारवा बाहेर जातो."